कासीमसाबची गुळाची डबी

कुळगीच्या लाकूड डेपोतून निरोप आला तो दुपारी. कासीमसाब ओंडक्यांवर हातोड्याने छाप मारता मारता खाली बसले आणि उठले नाहीत. मी बेळगावच्या साप्ताहिकाला चार ओळी पाठवल्या. कारण लिहिलं नव्हतं, ते आज लिहितो.

त्यांना मधुमेह होता. बेळगावच्या डॉक्टरांनी नव्यानेच मिळू लागलेलं इन्सुलिन सुरू केलं होतं. रोज सकाळी सुई आणि अर्ध्या तासात भाकरी. हात कापू लागले, घाम फुटला तर लगेच गूळ. त्यासाठी कोटाच्या खिशात पत्र्याची डबी, आत गुळाचे सहा खडे.

रमजान तोंडावर आला तेव्हा मीच त्यांना हल्याळच्या काजींकडे नेलं. काजी म्हणाले, आजाऱ्याला रोजा माफ आहे. बदल्यात रोज एका गरिबाला जेवू घाला. मी निर्धास्त झालो... तिथेच चुकलो.

पहिल्या रोज्याला दुपारी डेपोवर गेलो. सोमा, म्हातारा लाकूडतोड्या, भात-आमटी जेवत होता. समोर कासीमसाब, ओठ सुकलेले.

"तुम्ही जेवलात?"

"रोजा हाय."

"आणि सुई?"

"घेतली की सकाळी. डाक्टर म्हणाले चुकवू नको, चुकवली न्हाई. काजीसाब म्हणाले गरिबाला जेवू घाल, घालतोय. कुणाचं ऐकलं न्हाई सांग, बातमीदार?"

"रोजा माफ आहे म्हणाले, त्याचं काय?"

"माफ म्हणाले. मनाई हाय म्हणाले न्हाईत."

सोमाचा घास हातातच राहिला. "मला गिळवंना, साब. निम्मं तुमी खावा."

"गप जेव. तू उठलास तर माझं पुण्य तुझ्या ताटात ऱ्हाईल."

रिकाम्या पोटी सुई घेतली तर रक्तातली साखर घसरते, माणूस जातो, हे मी किती वेळा सांगितलं! डॉक्टरांना विचारू, तोवर तरी रोजा धरू नका... ते हसायचे. "पेपरात छाप की."

अकराव्या दिवशी छाप मारता मारता ते खाली बसले तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. सोमाने डबी उघडून खडा तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली. "दिवस बुडाला की मगरीबला खातो... आता थोडंच ऱ्हायलंय." दुपारचे दोन वाजले होते.

ईद होऊन तीन आठवडे झाले. कासीमसाबच्या घरून सोमाला अजून जेवण येतं. डबी त्याने मला आणून दिली. मी खडे मोजले. सहाच्या सहा.