वासाला भिऊन सोडलेला कोपरा

मासवणकडच्या आमच्या पाड्यावर जीपीएसचं यंत्र पहिल्यांदा आलं तेव्हा मी अंगणवाडी सेविका होते आणि दहावी नापास होते. मला दोन्हींचा सारखाच अभिमान होता. दहावीपर्यंत पोचलेली बाई पाड्यावर दुसरी नव्हतीच ना! वनहक्क समितीत बायका हव्या होत्या, तर मला घेतलं. तेव्हाची ती बाई, म्हणजे मीच, आज समोर आली तर मी तोंड फिरवून निघून जाईन.

डोंगरउताराची जमीन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसत होतो, पण कागदावर ती जंगलाची. आता ती कसणाऱ्याच्या नावावर होणार होती. त्याआधी मोजणी. मोजणीवाला गळ्यात यंत्र अडकवून शेताच्या कडेकडेनं चालणार, यंत्र त्याची वाट लिहून ठेवणार, आणि वाट फिरून पहिल्या जागी आली की आतली जमीन आमची.

त्या दिवशी मी खळ केलेली साडी नेसले. शेतात! वर पावडर. सासू मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "लग्नाला चाललीस का गं?"

मोजणीवाल्यानं उपग्रहांबद्दल नीट सांगितलं होतं म्हणे. मी "उपग्रह" एवढा एक शब्द ऐकला आणि मान डोलवायला लागले. आभाळात एवढं मोठं काहीतरी फिरतंय म्हणजे ते वरून शेत बघणार, फोटो काढणार, हे मी माझ्या डोक्यानं ठरवलं आणि पाड्यावरच्या सगळ्या बायकांना शिकवूनही आले.

आमच्या शेताचा खालचा कोपरा ओहळाला लागून होता, मोहाच्या झाडाखाली. तिथे नागली कंबरेच्या वर जायची. का जायची, ते कोणी विचारायचं नाही, कारण पीक निघालं की अख्खा पाडा सकाळी लोटा घेऊन तिथेच उतरायचा. मोजणी आली नेमकी ऐन उन्हाळ्यात. आम्ही वरच्या बांधावरून खाली वळलो आणि तो भपकारा आला. वाळलेलं, ओलं, कालचं, आजचं, सगळं एकत्र. वर हिरव्या-निळ्या माश्यांचा घोंगाट. मोजणीवाल्याचे बूट पांढरे होते. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि मी शरमेनं मेले. पाड्यावरची शिकलेली बाई मी, आणि माझ्या शेतात हे!

"साहेब, तिकडं काय नाय," मी म्हटलं. "नुसती झाडी. इकडनंच वळा."

तो इतक्या आनंदानं वळला, की जणू मी त्याला बढती दिली.

मागून सासू ओरडली, "अगं, खालचा तुकडा र्‍हायला! मोहापतूर जायचं हाय!"

मी मागे जाऊन तिच्या कानात म्हटलं, "आई, गप र्‍हावा. ते वरनं सगळं बघतात. कशाला त्या घाणीत माणसाला न्यायचं?"

सासू आमच्या मागोमाग वळली. शिकलेल्या सुनेवर तिचा विश्वास होता.

कागद आला तेव्हा नकाशा मीच ऐटीत उलगडला. खाली जिथे ओहळापर्यंत टोक जायला हवं होतं, तिथे सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. सासूला वाचता येत नव्हतं. तिनं बोट फिरवत फिरवत त्या रेघेवर आणून ठेवलं.

"मोह कुठं हाय?"

मी नकाशाची घडी घालायला लागले.

"तुला वास आला म्हून माझं शेत गेलं?"

त्या साली तिनं खाली नागली पेरली नाही, पुढेही कधी नाही. फेरमोजणीचा अर्ज करायला मला वर्षं लागली, कारण अर्जात चूक कोणाची ते लिहावं लागलं असतं. तोवर ती गेली.

ते यंत्र काही बघत नाही, हे मला नातीनं सांगितलं. ती पालघरला कॉलेजात जाते. "आजी, उपग्रह फक्त आपली जागा आणि वेळ सांगत असतात. यंत्र ऐकतं. वेळ पोचायला किती उशीर लागला त्यावरून कुठला उपग्रह किती लांब ते काढतं. चार उपग्रहांची अंतरं जुळली, की तू कुठं उभी आहेस ते कळतं. त्याला शेत दिसत नाही. तुझे पाय जिथं, तिथं त्याची रेघ."

मी म्हटलं, "म्हणजे मी त्याच्याहून आंधळी होते."

"त्याला निदान ऐकू तरी येतं," कार्टी म्हणाली.

तिनंच अर्ज लिहिला. यंदा नवा मोजणीवाला आला, बोईसरला राहणारा, मूळचा अकोल्याकडचा. आता घरोघरी संडास झालेत, कोपऱ्यात आमची घाण नाही. आता आहे ती ओहळाच्या वरच्या फार्महाऊसवाल्यांची: कोंबड्यांची आतडी भरलेल्या पिशव्या, फुटक्या बाटल्या, फुगून टम्म झालेले पोरांचे डायपर. आमची घाण पावसात मातीत तरी जायची. ही चिखलासारखी पायाला चिकटते आणि तिथेच राहते.

"आजी, इथून वळलो तर चालेल ना?" त्यानं नाक दाबून विचारलं.

"नाय चालणार. या माझ्या मागं."

चपला हातात घेतल्या आणि शिरले. पोटऱ्यांपर्यंत ते गार, बुळबुळीत काहीतरी लागत होतं. काय, ते मी बघितलं नाही. मोहाखाली पोचल्यावर त्याच्या यंत्रातला जागेचा आकडा नाचायला लागला. दाट पानांनी उपग्रहांचा आवाज अडतो, हे मला आता ठाऊक होतं.

"थांबा साहेब," मी म्हटलं. "स्थिर होऊ द्या. मला घाई नाय."

तो उभा राहिला, एका डायपरवर. चांगला वेळ उभा राहिला. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

मग ओहळाच्या कडेनं वर आलो. त्यानं यंत्र माझ्यापुढे धरलं. शेताला खाली टोक आलं होतं, मोह आत होता. वरच्या हापशावर पाय घासताना मी हिशोब केला, सगळं मिळून पाव तासाचं चालणं. सासू जिवंत असताना एवढं चालायला मला वास आडवा आला होता. मी पाय परत घासले, पण पायांना आता काहीच लागलेलं नव्हतं.