झिंग्यांचा परवाना आणि माझा अर्ज

चौथीपर्यंत शिकलेली बाई आमच्या आळीत मी एकटीच, म्हणून तो अर्ज माझ्या गळ्यात पडला.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठावर. तिथल्या डोहात झिंगे वाढवायचा परवाना बेलापूरकडचा एक ठेकेदार मागत होता. काठाचे लव्हाळे कापायचे आणि तारेचं कुंपण घालायचं, असा त्याचा बेत. लव्हाळे गेले की पहिल्या पुरातच काठ ढासळणार, हे रोज धुणं धुणाऱ्या आम्हा बायकांना कळत होतं. टिटव्या तिथेच अंडी घालत. कालवणापुरते शिंपले आणि खेकडेही बायका तिथूनच आणत.

थोरली जाऊ म्हणाली, "चार बुकं शिकलीस न्हवं? मग लिव्ह की अर्ज. आमी अंगठे देतो."

मला लिहिता येणारा कागद एकच, गुरुजींनी घोटून घेतलेलं वडिलांना पत्र. मी त्याच वळणावर लिहिलं. 'तीर्थरूप साहेबांस साष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम आहे.' मग लव्हाळे, टिटव्या, कुंपण. शेवटी, 'घरातील लहान मुलांस अनेक आशीर्वाद.' वर झकास झाला म्हणून दोनदा वाचूनही पाहिला.

परवान्याचे साहेब चावडीत आले आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला. "सर्व क्षेम आहे? मग मी कशाला आलो?" चावडी हसली, ठेकेदार सगळ्यांत जोरात. साहेब म्हणाले, "मुलांना आशीर्वाद पोचवतो. पण काठ कुठून कुठपर्यंत सोडायचा, ते कुठंय? कुणी लिहिलाय हा?"

सासरे समोर बसलेले. मी पदर पुढे ओढला. जावेनं मला ढोसलं. "बोलू नगंस. चल, दाव जा."

सगळे नदीवर आले. धुण्याच्या दगडांपासून उंबरापर्यंत, असं आम्हा बायकांचं ठरलेलं. मी एक काटकी घेतली आणि वाळूत रेघ ओढत निघाले. पदर हनुवटीपर्यंत. दिसत होते ते फक्त माझ्या पायांचे अंगठे. मागून साहेब आणि टेप धरलेला शिपाई. कुणी थांब म्हणेल म्हणून मी चालत राहिले. मला ठाऊक असेल म्हणून ते चालत राहिले. जाऊ मागे "अगं, अगं" करत होती, पण पुरुषांदेखत मोठ्याने हाक कशी मारणार?

पाय चिखलात रुतला तेव्हा पदर जरा उचलला. मी ओढ्याच्या तोंडाशी होते. उंबर कुठल्या कुठे मागे राहिलेला.

"साहेब, ही बाई डोह घेऊनच निघाली!" ठेकेदार ओरडला.

"बाई, इथपर्यंत का?" साहेबांनी विचारलं.

नाही म्हणायचं, तर मग कुठपर्यंत ते बोलून सांगावं लागणार होतं. मी होकाराची मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं.

ठेकेदाराला परवाना मिळाला, पण कुंपण ओढ्याच्या पलीकडे. अलीकडचे लव्हाळे जागच्या जागी राहिले.

घरी येताना सासरे जावेला म्हणाले, "धाकटीला म्हणावं, आपल्या शेताच्या बांधाचं भांडण मिटवायला बी येत जा. फकस्त बोलू नगंस."