बरण्यांवरची बटणं

आमच्या गल्लीत उन्हाळा कॅलेंडर बघून येत नसे. मास्तरांच्या बायकोनं खिडकीला ओला पडदा लावला की तो आला. त्याआधी ऊन कितीही चटके देवो, लोक म्हणायचे, "काकूंनी पडदा कुठं लावलाय अजून? मग कसला उन्हाळा!"

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत हं. शाळेच्या मास्तरांशी माझं चौथीनंतर पटलं नाही. हे शिलाईचे मास्तर. माझ्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. पुढच्या खोलीत मशीन, मागं स्वयंपाकघर, मध्ये एक दार, त्याला कडी लागलेली मी कधी पाहिली नाही. माणूस दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसायचा, त्यामुळं बोलणं बेताचं. एकदा एका नवरदेवानं विचारलं, "मास्तर, लग्नापर्यंत कोट होईल ना?" मास्तर म्हणाले, "हूं." त्याला वाटलं, हो. मास्तरांना म्हणायचं होतं, बघू. शेवटी तो बिचारा मेव्हण्याच्या कोटात उभा राहिला. बाह्या इतक्या लांब की अंगठी घालायला बोट शोधावं लागलं! मला अजून आठवलं की हसू आवरत नाही. ते असो.

तर बोलायचं खातं वहिनींकडे. मी वहिनी म्हणायचो, गल्ली काकू म्हणायची. पडदा लागला की चार बायका त्यांच्या ओट्याशी जमायच्याच. तो पडदाही बघण्यासारखा होता. शर्टांच्या उरलेल्या तुकड्यांचा जोडून केलेला, त्यात सगळ्या गल्लीची कापडं. माझ्या निळ्या चौकडीच्या शर्टाचा तुकडा अगदी मधोमध. मास्तरांच्या मापांच्या जाड कागदाचे हातपंखे व्हायचे, ज्या पंख्यावर ज्याचं माप निघेल त्याची थट्टा व्हायची. "हा पंखा भाऊजींना नका देऊ, यावर त्यांच्याच पोटाचा घेर लिहिलाय!" आणि हात चालू असतानाच एकीकडे वहिनींचं सांगणं चाले. लिंबाचा रस आत्ताच काढून बर्फाच्या साच्यात गोठवा. सालं टाकू नका, कडक वाळवून गरम कपड्यांच्या पेटीत ठेवा. चूल ऊन चढायच्या आत विझली पाहिजे, दुपारी काकडी-दही खा आणि गप्प पडा.

"काकू, लिहून द्या ना सगळं."

"लिहिलं की कागद हरवतो. हातानं कर, हात हरवत नाही."

स्वयंपाकघरात फळीवर अकरा बरण्या. सगळ्या चिनी मातीच्या, पांढऱ्या, एका मापाच्या नसल्या तरी एका जातीच्या. मीठ, साखर, तुरटी, भांड्यांचा सोडा, असलं सगळं. प्रत्येकीच्या तोंडाला कापडाची टोपी आणि टोपीवर मधोमध एक बटण. पण बटणं कशी? एक कोटाचं तपकिरी, एक बाळाच्या कपड्याचं इवलंसं, एक कापडानं मढवलेलं, एक शिंपल्याचं. एकाला एक जुळेल तर शपथ. मास्तरांचा जीव त्यावरून वरखाली व्हायचा. माझ्याकडे तक्रार यायची, "शिंप्याच्या घरात हे! गिऱ्हाईक पाणी प्यायला आत आलं तर काय म्हणेल?" वहिनी म्हणायच्या, "उरलेली बटणं वाया कशाला घालवायची?" विषय संपला.

आता जे सांगतो ते मी दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे. पण हे राहिलं.

मी मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, तर बाकावर वहिनी. एकट्या. मी म्हटलं, "अरे वा, तुम्ही पण?" त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड फिरवलं. माझ्याकडे नव्हे, आवाजाकडे. मला समजायला वेळ लागला नाही.

"भाऊजी, डोळ्यामागची शीर सुकतेय म्हणतात. यावर इलाज नाही."

"मास्तरांना?"

"नाही. आणि तुम्ही तोंड उघडलंत तर आपलं नातं संपलं."

कारण लेक. एकुलती एक, दूरच्या शहरात चौथ्या मजल्यावर. मुलगी गुणाची, पण भित्री. तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, "आई, तुला जरा जरी झेपेनासं झालं ना, मी तुला उचलून नेणार. विस्तवाशी खेळ नको." दोन खोल्यांचं घर. मास्तरांची मशीन तिथं मावणार नव्हती आणि मशीन नसेल तिथं मास्तर मावणार नव्हते.

"मला तिथं खुर्चीत बसवतील हो," वहिनी म्हणाल्या. "काही करू देणार नाहीत. माझं स्वयंपाकघर आहे तोवर मी आहे."

मग मी लक्ष ठेवू लागलो. बाई घरात अशी वावरायची की शंका येऊ नये. पूर्वी मास्तरांच्या सुया त्याच ओवून द्यायच्या. ते बंद झालं. "तुमची सुई तुम्ही ओवा, मला कामं आहेत." मास्तर मला म्हणाले, "म्हातारपणी बायकोला माज आलाय!" आणि मी हसलो. काय करणार?

गेल्या वर्षी उन्हाळ्याआधी लेक येऊन वहिनींना चार दिवस घेऊन गेली. पाचव्या दिवशी मायलेकी परत येणार होत्या. मास्तरांच्या मनात आलं, या वर्षी उन्हाळ्याची तयारी आपण करायची, बायकोला चकित करायचं. त्यांनी पडदा धुतला. गरम कपडे पेटीत भरले, वर लिंबाची सालं टाकली. मीही मदतीला, म्हणजे स्टुलावर बसून गप्पा मारायला. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी फळी उतरवली. फळी घासली, बरण्या पुसल्या आणि उंचीप्रमाणे ओळीनं लावल्या, रिळं लावतात तशा. मग अकरा टोप्या घेऊन मशीनवर बसले. कट कट कट, सगळी बटणं कापली. नवी अकरा, सगळी एका रंगाची, एका मापाची. जुनी बटणं डब्यात टाकली, कारण मास्तर काही फेकत नाहीत.

मी तेव्हा त्यांना नवरदेवाच्या कोटाची गोष्ट पुन्हा सांगत होतो. दोघंही हसत होतो. वहिनींना दिसत नाही हे मला ठाऊक होतं, आणि ती बटणं माझ्या नाकासमोर एकेक करून डब्यात पडत होती. टिण, टिण. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मास्तरांना निदान माहीत तरी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. लेकीनं चार दिवस आईला खुर्चीतून उठूच दिलं नव्हतं, त्यामुळं तिला काही कळलं नव्हतं. मास्तर दारातच म्हणाले, "आधी स्वयंपाकघर बघ!" वहिनी आत गेल्या आणि म्हणाल्या, "छान केलंत." काय छान केलं ते विचारलं नाही. लेक ओट्याशी उभी राहून पंख्यानं वारा घेत म्हणाली, "आई, तुझं लिंबाचं सरबत कर ना. त्याशिवाय मला सुट्टी लागल्यासारखं वाटत नाही."

मी दारात होतो. वहिनींचा हात पहिल्या बरणीवर गेला. बोटं टोपीवरून फिरली, थांबली. दुसरीवर गेली, तिसरीवर, पुन्हा पहिलीवर. मग त्यांचं तोंड हळूच माझ्या दिशेनं वळलं आणि तेव्हा, तेव्हा कुठं मला कळलं. मी पुढं व्हायला हवं होतं. "वहिनी, मी करतो, आज माझ्या हातचं" एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर नको तिथं बोलणारा माणूस मी, त्या वेळी जीभ टाळ्याला चिकटली.

वहिनींनी मनाचा हिय्या करून एक बरणी उघडली. साखर बरोबर लागली, तिचा खडा बोटाला कळतो. मग मिठाची म्हणून दुसरी. चिमूट पेल्यात पडली आणि सरबत फसफसून वर आलं, ओट्यावर सांडलं. लेक "अगं, हे काय!" म्हणून ओरडली. वहिनींना फेस दिसलाच नाही. त्यांनी पेला उचलून लेकीसाठी पुढं धरला. आपल्या डावीकडे. लेक उजवीकडे उभी होती.

लेकीनं आईच्या डोळ्यांपुढं हळूच पंखा हलवला.

मास्तरांच्या तोंडातून एक टाचणी खाली पडली, तेवढाच आवाज.

पुढचं झरझर झालं. लेक रडली, माझ्यावर ओरडली, "काका, तुम्हाला माहीत होतं?" मी मान खाली घातली. मास्तर डबा घेऊन बायकोपुढं बसले. एकेक बटण तिच्या हातात द्यायचे, ती सांगायची, कोटाचं म्हणजे मीठ, मढवलेलं म्हणजे सोडा, शिंपल्याचं साखर. एकही चूक नाही. मास्तरांनी त्याच दुपारी अकराच्या अकरा परत शिवली, जिथली तिथं. "बघ, झालं पूर्ववत," ते लेकीला म्हणाले. "बाबा," ती म्हणाली, "प्रश्न बटणांचा आहे का?" तिचंही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी लेकीबरोबर गेल्या. जाताना फळीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "पडदा कोरडा पडू देऊ नका."

मास्तर महिन्यातून एकदा जाऊन यायचे. तिथं सगळं चांगलं, असं सांगायचे. खुर्ची, पंखा, वेळेवर जेवण. स्वयंपाकघराच्या दाराला कडी. एकदा ते टोप्यांवरची बटणं उसवून खिशात घालून घेऊन गेले, तिला ओळखीचं काही हाताला लागावं म्हणून. पहिल्यांदा वहिनींनी खेळल्यासारखी सगळी ओळखली. मग दर खेपेला मास्तर तीच न्यायचे आणि ओळख थोडी कमी व्हायची. या वर्षी ऊन तापायला लागल्यावर गेले, तर त्यांनी एकेक चाचपून सगळी मास्तरांच्या ओंजळीत परत ठेवली.

"कसली?" मास्तरांनी विचारलं.

"बटणंच आहेत हो. लावा कुणाच्या तरी शर्टाला."

हे मास्तरांनी मला सांगितलं तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या. या वर्षी पडदा लागला नाही. मी बादली घेऊन गेलो होतो, ते म्हणाले, राहू दे.

गेल्या आठवड्यात माझ्या पांढऱ्या सदऱ्याचं बटण तुटलं. मी त्यांच्याकडे गेलो, पुढं बसलो, काहीतरी गोष्ट सुरू केली. त्यांनी डब्यात हात घातला, बघितलंही नाही, आणि लावून दिलं. तपकिरी, कोटाचं. मिठाचं.

मी म्हटलं, "मास्तर, हे जुळत नाही."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "चालतं," म्हणाले.