पेंटरचं शेवटचं गिऱ्हाईक

बालवर्गाच्या बाईंचा डाग पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्याच वर्गातल्या एका चिमुरडीनं. "बाई, तुमच्या कानापाशी शाई लागलीये!" बाईंनी रुमालानं पुसलं. शाई असती तर निघाली असती.

मग सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणे लिंबू चोळा, कुणी म्हणे साय. दुसऱ्याच्या तोंडावर प्रयोग करायला लोकांचं काय जातं! बाईंनी पावडरचा थर चढवून वेळ मारून नेली. डाग मात्र बेटा हट्टी. कपाळाच्या कडेनं सरकत दुसऱ्या कानाशी पोचला, तेव्हा कुठे त्या कातडीच्या डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाची. तिनं आधी पावडर धुऊन यायला लावलं. खिडकीच्या उजेडात चेहरा वळवून वळवून पाहिला, भिंग टेकवलं, खोलीत अंधार करून जांभळा दिवाही धरला.

"काकू, वांग बहुधा दोन्ही गालांवर बसतो. तुमचा डाग केसांची कड धरून चाललाय, आणि खोल आहे. केसांना काय लावता?"

बाईंचा हात केसांकडे गेला. "कलप," त्या म्हणाल्या. "मिस्टर लावून देतात."

मिस्टर म्हणजे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. पुढे हाताला कंप सुटला आणि कामं गेली. दिवसदिवस घुम्यासारखे बसून राहत. बघवेना, म्हणून एका रविवारी बाईंनीच कलपाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार पेंटर पुन्हा पेंटर होत. बाईंना स्टुलावर बसवायचं, खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि ब्रश चालवता चालवता जुन्या पाट्यांच्या फुशारक्या मारायच्या. हात थरथरे, कलप कपाळावर उतरे, पण बाई तोंडातून ब्र काढत नसत. गिऱ्हाईक एकच उरलं होतं, पण हक्काचं.

खात्री करायला डॉक्टरीणबाईनं बाईंच्या पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या, तर कलपातल्या रसायनाची जागा लालभडक झालेली.

"आता कलप बंद, काकू. बंद केलात तर डाग हळूहळू फिका होईल. नाहीतर पसरेल, आणि मग जाता जाणार नाही."

बाई घरी आल्या. हे तुमच्या हातानं झालं, असं त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? पाठीवरचा लाल ठिपका पाहून पेंटरनी विचारलं, तेव्हा त्यांनी "चिकटपट्टी बाधली" असं ठोकून दिलं. आणि मनाशी ठरवलं, तोंड काळं होईना का, रविवार मोडायचा नाही.

रविवारी त्या नेहमीसारख्या स्टुलावर बसल्या. डोळे मिटले. ब्रश केसांना टेकला, गार लागला. पण तो उग्र वास काही आला नाही. बाईंनी मान वळवून पाहिलं. वाटीत नुसतं पाणी.

"अहो, हे काय?"

"जन्मभर रंगात हात घातलेत मी. कातडीला रंग बाधला की कशी दिसते, मला कळत नाही होय? सांगायचंस ना, अगं."

"तुम्हाला काय वाटलं असतं!"

पेंटरनी ब्रश पुन्हा वाटीत बुडवला. "बोललो तर मीही नाही. म्हटलं, रंगच नको झाला, तर तू कशाला बसशील माझ्यापुढे?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टॉवेलच्या टोकानं ते पुसून त्या पुन्हा ताठ बसल्या आणि वर्गातल्या आवाजात दरडावून म्हणाल्या, "नीट लावा. आणि पाणीच आहे, तर महिन्यातून एकदाच का? दर रविवारी लावत जा."