परवानाधारक भावोजी

या देशात नियम लिहिले जातात ते फक्त तारकर्लीतल्या माझ्या भावोजींसाठी, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

आमच्या किनाऱ्यावर लग्नाचं शूटिंग करणारे झाडून सगळे ड्रोन उडवतात आणि परवाना कुणी कुणाला विचारत नाही. भावोजींनी मात्र पन्नाशी ओलांडल्यावर पुण्याला जाऊन रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि परवाना गळ्यात अडकवूनच ते एसटीतून उतरले. घरी जाण्याआधी पोलीस ठाण्यात शिरले. हवालदार गोंधळला. "काका, आमी तुमका बोलावलेलां काय?" "नाय, पण बघून ठेवा," भावोजी म्हणाले. माझी बहीण वैतागली, "सगळे असेच उडवतत. तुमकाच मेली कसली हौस?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ड्रोनचां पातां कोणाच्या डोळ्यात गेलां तर थंय पोलीस नसतलो गो, मी असतलंय."

उडवण्याआधी ते चिमूटभर वाळू सोडून वारा बघत, एकेक पातं पुसत, माडावरच्या घारीचाही अंदाज घेत. तोवर वऱ्हाड पंगतीला बसलेलं असे. माणसांच्या डोक्यावरून ड्रोन न्यायचा नाही हा तर त्यांचा कुळाचारच. त्यामुळे त्यांच्या फिल्ममध्ये माड आणि कौलं भरपूर, नवरा-नवरी कोपऱ्यात. एका यजमानांनी हट्टच धरला, ड्रोनमधून जोडप्यावर फुलं पडायला हवीत. भावोजींनी सामान आवरलं. ते काम मग एका बिनपरवान्याच्या गड्याने घेतलं. त्याचा ड्रोन मांडवाच्या माळेत अडकला आणि सोलकढीच्या टोपात कोसळला. शेजारीच एक बाई तान्हं बाळ घेऊन बसली होती. गावभर हशा पिकला. भावोजींनी एवढंच विचारलं, "कोणाक लागलां नाय मां?" पुढच्या लग्नांच्या सुपाऱ्या मात्र त्या गड्यालाच मिळाल्या.

गेल्या वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं. दुपारी पाठवणीची गाडी निघाली, तेव्हा भावोजींनी रस्त्याच्या कडेने, माडांच्या वरून ड्रोन तिच्या मागे सोडला. आम्ही त्यांच्या हातातल्या पडद्यावर गाडी बघत उभे होतो. आभाळात ड्रोन ठिपक्याएवढा झाला, तसा भावोजींनी तो थांबवला. "न्या हो जरा पुढे," बहीण डोळे पुसत म्हणाली, "वायरी गावापर्यंत तरी दिसांदे." "ड्रोन नजरेआड नेऊचो नाय, नियम आसा," ते म्हणाले.

पडद्यावरची गाडी माडांत दिसेनाशी झाली. ड्रोन परत बोलवायला मात्र त्यांनी बराच वेळ लावला.