छत्तीसच्या रोलमधले एकोणसाठ फोटो

“बोलत नाय गं ती कुणाशी. पण फोटो लई भारी काढती म्हणं.”

खुलताबादला आत्याच्या घरी, आतल्या खोलीत पलंगावर बसून मी कॅमेऱ्यात रोल भरत होते आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात आत्या हे कुणाला तरी सांगत होती. माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं की माझे हात काम करायचे थांबतात. (असं फारदा होत नाही, त्यामुळे सवय नाही.) मी कान टवकारले. आणखी काही मिळतंय का!

“इंग्लिश शाळंत घातली तवापासून अशी घुमी झाली,” आत्या पुढे म्हणाली. “पण पोरगी गुणाची हाय.”

गुणाची! मी त्या भरात कॅमेऱ्याचं मागचं झाकण खटकन लावलं आणि उठले. त्या खटकन आवाजात त्या दिवसाचं जे काही व्हायचं होतं ते होऊन गेलं. मला ते कळायला पुढचे चाळीस फोटो जावे लागले.

ज्यांनी रोलचा कॅमेरा कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी सांगते. रोलमधून फिल्मची एक जीभ बाहेर आलेली असते. ती कॅमेऱ्यातल्या उजवीकडच्या रिळाच्या फटीत नीट अडकवायची, एक वेढा द्यायचा, भोकं दात्यांत बसली का ते बघायचं आणि मगच झाकण लावायचं. झाकण लावल्यावर दर फोटोनंतर वरचा दांडा ओढून फिल्मला पुढचा वेढा द्यायचा, आणि तेव्हा डावीकडचं बटण आपोआप फिरतंय का, तेही बघायचं. बटण फिरलं तर आत फिल्म सरकतेय. नाही फिरलं तर तुम्ही नुसते खटके वाजवताय. एवढं सगळं बघायला दहा सेकंद लागतात. माझे ते दहा सेकंद ‘गुणाची’ या शब्दावर खर्च झाले.

बरं, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आमचा फोनवर एक ग्रुप आहे, रोलवर फोटो काढणाऱ्या वेड्यांचा. तिथे दिवसभर चर्चा चालते: उन्हाळ्यात पाणी गरम येतं तेव्हा फिल्म कशी धुवायची, वेरूळच्या लेण्यांत अंधाराला कुठला रोल चालतो, न्हाणीघरातल्या दोरीवर फिल्म वाळत घातली तर बनियनचे धागे कसे चिकटतात. धुतलेल्या फोटोंचं तिथे कौतुक होतं, बिघडलेल्यांचं जास्त होतं. मी दोन वर्षं तिथे आहे. प्रत्यक्षात दिवसभरात जेवढं बोलते त्याच्या दहापट तिथे लिहिते, इंग्रजीत लिहिते आणि फार आत्मविश्वासाने लिहिते. त्यामुळे ते सगळे मला ‘सर’ म्हणतात. पहिल्या वेळी दुरुस्त करायचं राहिलं. दोन वर्षांनी दुरुस्त करणं मग बरं दिसेना.

एकदा सगळ्यांनी वेरूळला भेटायचं ठरवलं होतं. मी गेले होते! तिकिटाच्या रांगेत उभी असताना लांबून चार गळ्यांत चार जुने कॅमेरे दिसले. एक काका दुसऱ्याला सांगत होते, “सर आले की सुरू करू.” मी रांगेतून बाहेर पडले, शहराकडे येणाऱ्या पहिल्या गाडीत बसले आणि गाडीतूनच लिहिलं, ‘सर्दी झाली, येत नाही.’ सगळ्यांनी लिहिलं, ‘काळजी घ्या, सर.’ खिडकीशी बसून मी ते सात वेळा वाचलं.

तर याच ग्रुपवर गेल्या महिन्यात एका नवख्याचा अख्खा रोल कोरा निघाला. जीभ अडकलीच नव्हती. बिचाऱ्याने सल्ला विचारला. मी लिहिलं, ‘बटण फिरतंय का एवढं बघायला वेळ नसेल, तर माणसाने मोबाइल वापरावा.’ एकवीस जणांनी टाळ्या दिल्या.

असो. त्या दिवशी ऋतुजाताईचं डोहाळजेवण होतं. ऋतुजाताई म्हणजे आत्याची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी सुट्टीत मी गप्प बसले की शेजारी येऊन तीही गप्प बसायची. एवढी एकच मैत्रीण मला नात्यात मिळाली. तिनेच फर्मान काढलं होतं: “माझ्या लग्नाच्या एकाबी फोटोत माझं तोंड नाय, समदे मोबाइलच हायेत मधी. ह्या टायमाला कुणाचा मोबाइल नको. फोटो फक्त ईशू काढणार. रोलवर.”

ईशू म्हणजे मी.

फर्मान अमलात आणायचं काम नानांकडे, म्हणजे आत्याच्या यजमानांकडे होतं. नाना पंचायत समितीतून निवृत्त झाले, पण इंतजाम करायचे अजून थांबलेले नाहीत. ते ज्वारीच्या पिठाचा रिकामा केलेला मोठा डबा घेऊन दारातच उभे राहिले.

“चला, मोबाइल टाका. घाबरू नका, दळणार नाय!”

“नाना, माझा तर कामाचा आहे,” आई म्हणाली.

“समद्यांचाच कामाचा असतो वहिनी. टाका.”

माझाही टाकावा लागला. झाकण लागलं. माझे सगळे मित्र पिठाच्या डब्यात गेले.

मग फोटो सुरू झाले. ताई हिरव्या साडीत, शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या फुलांच्या दागिन्यांत. कानात फुलं, दंडात फुलं, डोक्यावर फुलांचा मुकुट. सजवलेल्या झोपाळ्यावर ती बसली आणि मी पहिला खटका दाबला. नानांनी दिग्दर्शन हातात घेतलं होतं, पण तेही माझ्याकडे बघूनच पुढचं बोलत होते.

“फोटोग्राफर, पाटलीण इथं उभी ऱ्हाऊ दे का तिथं?”

“तिथं,” मी म्हणाले.

आणि बाई तिथे जाऊन उभी राहिली! मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, की नुसतं ‘तिथं’ म्हटल्यावर माणसं हलतात! मी जरा धीर करून म्हणाले, “हनुवटी थोडी खाली.” ताईच्या सासूबाईंनी, ज्यांच्यापुढे नानासुद्धा खुर्चीवर टेकत नाहीत, त्यांनी हनुवटी खाली घेतली. “उजेड कमी आहे, जरा श्वास रोखून धरा,” म्हणाले, तर वीस बायकांनी श्वास रोखला. मी खटका दाबल्यावरच त्यांनी तो सोडला.

बाराव्या फोटोला ओटी झाली. विसाव्याच्या आसपास वाट्यांचा कार्यक्रम आला. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी म्हणायचं. ताईने वाटी उघडली, बर्फी निघाली, बायकांनी एकच कल्ला केला आणि मी नेमकी वेढा देत होते.

“सुटला का फोटो?” नाना ओरडले. “परत उघड गं!”

परत झाकल्या. परत उघडली. पेढा!

“अगं बाई, आता काय धरायचं?” सासूबाई गंभीर झाल्या.

“फोटोत येईल ते धरा!” नानांनी निकाल दिला. (फोटोत काय येणार होतं ते पुढे सांगतेच.) तिसऱ्यांदा पुन्हा बर्फी निघाली. आत्याने चौथ्यांदा वाट्या झाकू दिल्या नाहीत, कारण बर्फी घरातली संपत आली होती.

छत्तीस फोटोंचा रोल होता. छत्तिसावा फोटो झाला, सदतिसावा झाला. एखादा जास्तीचा मिळतो, सगळ्यांना मिळतो. अडतिसावा मिळाला तेव्हा मला बरं वाटलं. एकोणचाळिसावा मिळाला तेव्हा मला त्या रोलच्या उदारपणाचं कौतुक वाटलं. चाळिसाव्याला मी वेढा दिला आणि पहिल्यांदा डावीकडच्या बटणाकडे बघितलं.

बटण जागचं हललं नाही.

मी परत वेढा दिला. बटण तसंच. आत फिल्म आपली जीभ बाहेर काढून रोलमध्येच बसली होती, सकाळपासून. बर्फीचाही फोटो नव्हता, पेढ्याचाही नव्हता.

पायाखालची जमीन सरकते असं वाचलं होतं. तसं झालं नाही. जमीन घट्ट होती, तिच्यावर वीस बायका उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“थांबलीस कामून, ईशे?” आत्या म्हणाली. “सांग की, आता कसं उभं ऱ्हायचं?”

इथे कुठल्याही सरळ माणसाने खरं सांगितलं असतं. मी म्हणाले, “सगळ्या जरा जवळ या.”

त्या आल्या. एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून आल्या, आणि मी खटका दाबला. एक्केचाळीस. पंचेचाळीस. पन्नास. आता फिल्म संपण्याची भीतीच नव्हती! मी आत्या-नानांचा फोटो काढला, तो काढायला दोघं लाजली. मी आईचा एकटीचा काढला. ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, तिथे ती माझ्या वाळत घातलेल्या फिल्मकडे बघून एवढंच म्हणते, “हे काळं काय लोंबतंय?” काच डोळ्याला लावली की सगळं घर माझ्याकडे तोंड करून बसतं, आणि काच खाली घेतली की पाठ फिरवतं. म्हणून मी ती खाली घेत नव्हते.

अठ्ठावन्नाव्या फोटोनंतर मात्र मी ती खाली घेतली. “पाणी पिऊन येते,” म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे ठेवलेल्या मोबाइलच्या डब्याचं झाकण उघडलं. डबा रिकामा केला होता, पण पुसायला कुणी विसरलं होतं. पीठ झटकत मी माझा फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘रोल फिरला नाही. घरचा कार्यक्रम आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही. काय करू?’

लगेच उत्तरं आली:

‘सर, तुम्हीसुद्धा?’

‘सर, बटण नाही बघितलं?’ (हा तो नवखा. त्याचा हक्कच होता.)

नाशिकचे एक काका आहेत, त्यांनी लिहिलं, ‘काही वाया गेलेलं नाही. फिल्म आतच आहे, कोरी आहे. परत नीट लावा आणि परत काढा. लोक अजून आहेत ना?’

आणखी एकाने लिहिलं, ‘काही सांगू नका. आठ दिवसांनी म्हणा, लॅबवाल्याने बिघडवला. आम्ही सगळे तेच म्हणतो.’

याला एकोणतीस टाळ्या पडल्या.

मी फोन पिठात ठेवला आणि बाहेर आले. जीभ अडकवली, दाते बघितले, वेढा दिला, असं काहीही न करता आले. कारण रोल नीट लावला असता तर सगळ्यांना परत बसवावं लागलं असतं, आणि ‘परत कशाला?’ असं कुणीतरी विचारलं असतं. बाहेर सासूबाई निघायच्या तयारीत होत्या, त्यांना दिवेलागणीच्या आत जालन्याला पोचायचं होतं. बायका पदर सावरत उठत होत्या. दारातून मी त्या सगळ्यांचा एक फोटो काढला. एकोणसाठ. सवयीने काढला.

“झालं का फोटोग्राफर?” नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या ड्रेसवरचं पीठ उडालं. “आता शहरातल्या लॅबवाल्यानं घाण नाय केली म्हंजी मिळवली. त्यांचा काय भरवसा नाय बगा.”

बघा! मी रोल घरीच धुते हे नानांना माहीत नव्हतं, त्यामुळे खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती. नानांनी ते आयतं ताटात वाढलं होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नाही.

मी गप्प राहिले. उत्तम जमत होतं.

तेवढ्यात ताईने झोपाळ्यावरून मला हाक मारली. तिचे पाय सुजले होते, ती उशीला टेकून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले, तर तिने हळूच विचारलं, “ईशू, ह्या टायमाला दिसतंय ना गं माझं तोंड?”

मी मान हलवली. धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ नाही, अशी. मला ती फार छान येते. ताईला ती ‘हो’ वाटली. ती डोळे मिटून हसली.

“चल, उतरवू हे,” म्हणत आत्या मागून आली आणि तिने ताईच्या मुकुटाची पहिली पिन काढली. एक शेवंती खाली पडली. नाना दारात डबा घेऊन एकेकाला मोबाइल परत करत होते. सासूबाईंनी चपला घातल्या होत्या. आत्याने दुसऱ्या पिनेला हात घातला.

आमच्या घरातल्या लोकांना माझा मोठा आवाज त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. मलाही नव्हता. तो बराच बारीक निघाला, पण अंगणापर्यंत गेला. सासूबाई एका पायात चप्पल घेऊन मागे वळल्या.

“थांबा! आत्या, मुकुट काढू नको! रोल फिरलाच नाही, एकही फोटो आलेला नाही, सगळ्यांनी परत बसा! मला चाळिसाव्यालाच कळलं होतं. पण तुम्ही सगळे पहिल्यांदाच माझं ऐकत होतात... म्हणून मी आणखी एकोणीस काढले.”