भिमाजींच्या पट्ट्यांवरची हळद

औंढ्याचे भिमाजी टर्नर लोणावळ्यातील ज्या कारखान्यात लेथ चालवीत, तो त्र्यंबकराव लिमये यांनी बाजारामागे पत्र्याच्या छपरीत थाटला होता. एकोणीसशे चौतिसाच्या सुमारास तेथे तेलावर चालणारे एक इंजिन, एक लेथ, एक भाता आणि अखंड खोकणारे स्वतः मालक, एवढीच सामग्री होती. बंगलेवाल्यांचे पंप बिघडत आणि भिमाजी ते पूर्ववत करीत. सृष्टीचा तेवढा भाग त्यांनी आपल्याकडे घेतला होता.

लेथवर घडवायचा तुकडा, म्हणजे काम, फिरते आणि ते कापणारे टूल स्थिर असते. टूलचे टोक फिरत्या कामाच्या नेमक्या मध्यरेषेवर यावे लागते. किंचित वर गेले किंवा खाली राहिले, तर चकतीचे तोंड सपाट करताना मधोमध टेंगूळ उरते. ही उंची साधण्यासाठी टूलखाली पितळी पत्र्याच्या पट्ट्या सारतात. भिमाजींच्या बिस्किटाच्या डब्यात अशा एकतीस पट्ट्या होत्या. अन्य टर्नर टूल आणि काम यांच्यामध्ये छोटी पोलादी फूटपट्टी चिमटीत धरल्यासारखी उभी करून पाहतात. ती सरळ राहिली की टूल मध्यावर आले. भिमाजी मात्र डोळे मिटून, जपमाळ ओढावी तशा पट्ट्या बोटांनी चाचपीत, तीन निवडीत आणि काम आरंभीत. फूटपट्टीने ते पाठ खाजवीत.

अशा या निर्विघ्न तपश्चर्येत त्र्यंबकरावांचा पुतण्या दिगंबर पुण्याहून चौमुखी टूलपोस्ट घेऊन अवतरला. टूल धरून ठेवणारा जुना ठोकळा एका वेळी एकच टूल धरी. या नव्याला चार तोंडे होती.

"एकदा चार टूलं बसवायची, मग नुसता दांडा फिरवायचा," दिगंबर म्हणाला. "भिमाजी, तुमचा डबा आता खरोखर बिस्किटांना मोकळा."

"बिस्किटं तुमी खावा, धाकटे मालक," भिमाजी म्हणाले. "दात हाईत तवर."

त्र्यंबकरावांनी खोकत निर्णय दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी पंपाच्या झडपेची एकेक काशाची चकती सपाट करावी. ज्याची चकती निर्दोष, त्याचा ठोकळा लेथवर राहील. भिमाजी हरले, तर लेथ दिगंबरकडे जाईल आणि भिमाजी भात्यावर बसतील. भिमाजींनी हे स्थितप्रज्ञतेने ऐकले. मात्र त्या सायंकाळी औंढ्याच्या घरची वीस वर्षांची परिचित वाट ते दोनदा चुकले.

खंडेनवमीला त्यांनी परिपाठाप्रमाणे डबा घरी नेला. अवजारांची पूजा त्यांच्या पत्नी झुंबरबाई करीत. यंदा नवऱ्याची भाकरी पणाला लागलेली पाहून त्यांनी डब्याला दरवर्षी लावायचे हळदीचे एक बोट सोडले आणि प्रत्येक पट्टीला दोन्ही अंगांनी हळद थापली. उगाच एक बाजू रुसायला नको.

परीक्षेच्या दिवशी भिमाजींनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून तीन पट्ट्या निवडल्या. टूल चकतीच्या कडेकडून निघाले, आत सरकले, आणि मध्याजवळ येताच कापणे सोडून किंचाळू लागले. मधोमध वाटाण्याएवढे टेंगूळ राहिले.

"वा," दिगंबर म्हणाला. "चकतीला नाक फुटलं. आता नथ घालायची का?"

त्र्यंबकराव खोकायचे विसरले. भिमाजींनी पाठीमागची फूटपट्टी काढली आणि चार माणसांदेखत टूलचे टोक व चकतीची कड यांच्यामध्ये उभी धरली. ती वरच्या टोकाने चकतीकडे कलली. म्हणजे टूल उंच होते. टूलखालची सर्वांत पातळ पट्टी काढली, तर फूटपट्टी भिमाजींकडे झुकली. म्हणजे टूल खाली गेले. एक पट्टी अधिक, एक उणी. मध्य कुठेच लाभेना. पट्ट्या निरखताना त्यांना वाळून टणक झालेल्या हळदीची सहा पुटे दिसली.

"खरवडा की," दिगंबर म्हणाला.

"दसऱ्याची हळद आपणहून गळाया हवी. पुसली तर अवजार हाताला इजा करतंय."

"मग भाता घ्या हाताला."

दुपारची भाकरी घेऊन आलेल्या झुंबरबाई हे ऐकत उभ्या होत्या.

"किती थापलीस गं?" भिमाजींनी विचारले.

"आता देवाला फूटपट्टी लावू का?"

"तुज्या भक्तीपायी मी भात्यावर चाललो."

"मंग आदी सांगायचं. मी लावली, मीच काढते," असे म्हणून त्यांनी पट्ट्या ओढून घेतल्या आणि बांगडीच्या कडेने हळद खरवडू लागल्या. भिमाजींनी डोळे मिटले. ती हळद बाईंनी तळहातावर थुंकी लावून कालवली आणि दिगंबरच्या चकचकीत टूलपोस्टच्या चारही तोंडांना फासली.

"अहो मावशी, हे काय?" दिगंबर म्हणाला.

"दसऱ्याला त्येला कुनी इचारलं न्हाई. गरीब लेकरू. आता पुसली बी न्हाई आन् वाया बी गेली न्हाई."

या युक्तीपुढे धर्मशास्त्र्यांनीही हात टेकले असते; भिमाजींनी पट्ट्या उचलल्या. स्वच्छ पट्ट्यांवर टूल बसले, फूटपट्टी सरळ उभी राहिली, आणि ते दुसऱ्यांदा आत सरकताच चकती निश्चल पाण्यासारखी सपाट झाली.

मग दिगंबरची पाळी. हळद माखलेला ठोकळा चढला, टूल बसले, चकती फिरली; मधोमध पहिल्याहून मोठे टेंगूळ उभे राहिले. दिगंबरने दांडा फिरवून दुसरे तोंड आणले, मग तिसरे. तिन्ही टूले मध्याच्या खाली होती, प्रत्येक वेगळ्या मापाने खाली. शेवटी तो अत्यंत हळू आवाजात म्हणाला, "भिमाजीभाऊ, दोन पट्ट्या द्याल का?"

"दोन कशा पुरतील?" भिमाजी म्हणाले. "चार तोंडं हाईत. परत्येकाची भूक येगळी."

ते जवळ गेले, दांडा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. चारही तोंडे एकामागून एक त्यांच्यासमोर येऊन थांबली. त्यांच्या मुद्रेवर नवे खेळणे सापडलेल्या पोराचा आनंद उमटला; तो पाहून त्र्यंबकरावांना पुन्हा खोकला आला.

"जिंकलात तुम्ही," मालक म्हणाले. "जुना ठोकळा राहील."

"नको मालक," भिमाजी म्हणाले. "ह्योच ऱ्हाऊ द्या. जुन्याला एकदा पट्ट्या मांडल्या की दिसभर मी रिकामा. ह्याला चौपट मांडाया लागतील, आन् त्या मांडनार कोन?"

त्यांनी बाह्या सरसावल्या, डबा मांडीशी ओढला आणि दिगंबरला समोर बसवून म्हणाले, "डोळं मीट."